लायब्ररी म्हणते कॉपीराइट, प्राचार्य म्हणतात वय 18 च्या वर, मग वाचायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनुदानित कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहात, अजिबात दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, लावून वाचता. लायब्ररीत पुस्तकं स्कॅन करून मागितली तर ग्रंथपाल म्हणाल्या कॉपीराइटमध्ये बसत नाही, प्राचार्य म्हणाले फुकट पुस्तकं न् साधनं फक्त 18 वर्षांपर्यंत, आणि सर नोट्स म्हणून वहीच्या पानांचे फोटो पाठवतात.

कॉपीराइटचं आधी घेते, कारण ते उत्तर सपशेल चुकीचं आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि कलम 52(1)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत तयार करून तिला दिली तर तो कॉपीराइटचा भंगच नाही, आणि हे कुणी करायचं तर कायद्याचे शब्द आहेत कोणतीही व्यक्ती, म्हणजे ग्रंथपाल, सर, मैत्रीण, घरचे, कुणीही. प्रकाशकाची परवानगी लागत नाही, नफा मात्र कमवायचा नाही, प्रत करायचा खर्च तेवढा घेता येतो. छापील पुस्तकं न वाचता येणाऱ्यांसाठीचा मराकेश करार 2014 मध्ये सगळ्यात आधी मान्य करणारा देश आपलाच, तरी लायब्ररीच्या काउंटरवर अजून हेच ऐकायला मिळतं याचा मला खरंच संताप येतो. एक मात्र पाळा, ती फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, कुणी कितीही मागितली तरी. ही सवलत तुमच्यासाठी आहे, सगळ्या वर्गासाठी नाही, आणि फाइल फिरली की नकार द्यायला त्यांना आयतं कारण मिळेल.

आता प्राचार्यांचं. ते अर्धं बरोबर बोलतायत. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 17(जी) मध्ये मोफत पुस्तकं आणि साधनं 18 वर्षांपर्यंतच आहेत, त्यामुळे याच कलमावर लॅपटॉप किंवा ब्रेल डिस्प्ले मागायला गेलात तर हात हलवत परत याल. पण तुम्ही फुकट वस्तू मागतच नाही आहात, बाकीच्यांना वाचता येतं तेच तुम्हाला वाचता येईल असं द्या एवढंच म्हणताय, आणि त्यासाठी कलम 3 आहे, ज्यात भेदभावाला बंदी आहे आणि वयाची अट नाही. शिवाय कलम 2(एच) मधल्या भेदभावाच्या व्याख्येतच रिझनेबल अकोमोडेशन, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करून द्यायचे वाजवी बदल, नाकारणं धरलंय. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात यावरच भर दिला, तो अर्जात जरूर लिहा. कॉलेजला अवाजवी बोजा पडतो असा बचाव कायद्यात आहे, नाही असं नाही, पण चारपाच पुस्तकं स्कॅन करायला कसला आलाय बोजा.

अर्जात नुसतं "सॉफ्ट कॉपी द्या" लिहू नका, नाहीतर पानांचे फोटो जोडून पीडीएफ देतील आणि एनव्हीडीए त्यावर एम्प्टी डॉक्युमेंट म्हणेल. मराठी पुस्तकांचं आणखी एक दुखणं, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल स्क्रीनवर मराठी दिसते पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे स्क्रीन रीडर काहीतरी भलतंच बडबडतो. म्हणून स्पष्ट लिहा: युनिकोडमधली (म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच साठवलेली) वर्ड फाइल किंवा ओसीआर करून, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेऊन, तपासलेली फाइल. हाताने लिहिलेल्या नोट्सवर ओसीआरचा भरवसा नाही, त्या टाइप करूनच मागा, नाहीतर सरांना त्या रेकॉर्ड करून द्यायला सांगा. पुस्तकांची नावं, आधी कोणते धडे हवेत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही घाला. त्याआधी सुगम्य पुस्तकालय या छापील न वाचता येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीत नोंदणी करून बघा, एखादं पुस्तक तिथे तयारही असेल.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत ग्रंथपालांना, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच घ्याच, आजवर सगळं तोंडी झाल्यामुळे तुमच्या हातात कागदच नाहीये. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 89 मध्ये कायदा मोडल्याबद्दल दंड आहे, पण पहिल्याच अर्जात त्याची धमकी नको, लायब्ररीतली माणसं अजून दीड वर्ष लागणार आहेत तुम्हाला.

नकार आला किंवा मुदत उलटून गेली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, वकील लावायलाच हवा असं नाही. आयुक्त चौकशी करून शिफारस करतात, आणि कॉलेजला 3 महिन्यांत एकतर ती अमलात आणावी लागते नाहीतर का आणली नाही हे कळवावं लागतं. म्हणजे यात एक सेमिस्टर सहज जाऊ शकतं. परीक्षा तोंडावर असेल तर हायकोर्टात रिट याचिका हाच रस्ता उरतो, अनुदानित कॉलेज असल्यामुळे तो तुम्हाला खुला आहे, आणि वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, महिला म्हणूनही आणि दिव्यांग म्हणूनही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येईल की कॉलेजला लेखी मागितलं होतं का, तेव्हा अर्ज याच आठवड्यात द्या.