लॅपटॉप बदलण्याआधी कार्डाचे बिल वाचा

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वाचकांनी पत्र पाठवले आहे. वय ३४, इतवारी आणि गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांची हिशेबवह्या आणि जीएसटीची कामे ते करतात आणि महिन्याला साधारण ४५ हजार रुपये मिळवतात. त्यांचा लॅपटॉप २०१८ चा आहे. त्यात आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२८ जीबीची एसएसडी आणि शेजारी १ टीबीची जुनी फिरती हार्डडिस्क आहे. 'सी' ड्राइव्ह लाल झाला असून त्यात जेमतेम ६ जीबी जागा उरली आहे, बॅटरी पावणेदोन तासांच्या वर चालत नाही आणि दुकानादुकानांत चार्जर घेऊन फिरावे लागते.

सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीवाल्याने ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी डेटा हलवून देण्यासह ७,५०० रुपयांत आणि नवी बॅटरी ४,५०० रुपयांत सांगितली आहे. वाचकांना बॅटरी नको आहे, कारण कमी वीज खाणारी एसएसडी घेतली की बॅटरी आपोआप पुरेल आणि विजेचे बिलही उतरेल, असे त्यांना वाटते. दुसरा पर्याय ७२ हजारांचा नवा लॅपटॉप आहे. तो 'नो कॉस्ट ईएमआय'वर महिना ६,००० रुपये भरून, वर ६,५०० रुपयांचा संरक्षण प्लॅन जोडून मिळतो. 'लॅपटॉप धंद्याच्या खर्चात दाखवला की करही वाचेल,' असे ते लिहितात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'कार्डावर ८४ हजार बाकी आहेत, पण मी मिनिमम ड्यू कधीच चुकवत नाही, त्यामुळे रेकॉर्ड स्वच्छ आहे. दीड लाखाची एफडी बाबांच्या आजारपणासाठी आहे, तिला हात लावायचा नाही.' त्यांनी कार्डाच्या ताज्या बिलाचा फोटोही जोडला आहे.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: जुना लॅपटॉप ठेवा, त्यात एसएसडी आणि बॅटरी दोन्ही बसवा आणि ७२ हजारांचा लॅपटॉप घेऊ नका. मात्र तुमच्या पत्रातली सर्वांत महाग गोष्ट हा लॅपटॉप नाही, ती शेवटची ओळ आहे, आणि म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी तिच्यासाठी ठेवला आहे.

तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो पुन्हा उघडा. त्यात 'एकूण देय' आणि 'किमान देय' ठळक अक्षरांत आहेत, आणि तुमची नजर दर महिन्याला तिथेच थांबत असावी. त्यांच्या खाली, व्यवहारांच्या यादीत, बारीक अक्षरांतल्या दोन ओळी आहेत: व्याज २,९४० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ५२९ रुपये. महिन्याला साडेतीन टक्के हा तुमच्या कार्डाचा व्याजदर आहे, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी निराळा. दोन्ही मिळून महिन्याला जवळपास ३,४७० रुपये. तुम्ही भरता ते किमान देय ४,२०० रुपये. त्यातून व्याज आणि कर गेला की मूळ रकमेतले कमी होतात फक्त ७३० रुपये. त्याच कार्डावर तुम्ही दर महिन्याला दोन हजारांचे पेट्रोल भरता, त्यामुळे बाकी उतरण्याऐवजी चढत जाते.

दीड वर्षापूर्वी, बहिणीच्या लग्नानंतर, ही बाकी ६० हजार होती असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हापासून तुम्ही बँकेत अंदाजे ६५ हजार रुपये भरले, आणि आज बाकी ८४ हजार आहे. दुसऱ्यांच्या हिशेबवह्या लिहिणाऱ्या माणसाला याचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही, परंतु स्वतःचे बिल स्वतः तपासायचे राहून जाते, हे मी चांगल्या जाणत्या लोकांच्या बाबतीतही वारंवार पाहिले आहे.

'रेकॉर्ड स्वच्छ आहे' हा समज अर्धाच खरा आहे. किमान रक्कम वेळेवर भरली की विलंब शुल्क लागत नाही आणि हप्ता थकल्याची नोंद होत नाही, एवढेच. व्याज मात्र उरलेल्या संपूर्ण रकमेवर चालू राहते. शिवाय बाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासूनच व्याज लागते. तुमचे पेट्रोल टाकीत पडते त्या दिवसापासून त्यावर ४२ टक्क्यांचा दर सुरू होतो. एसएसडीचे ७,५०० रुपये कार्डावर घातले तर तेही त्याच दराने मोजले जातील. पतगुणांकाच्या (क्रेडिट स्कोअरच्या) दृष्टीने पाहिले, तर दोन लाखांच्या मर्यादेपैकी ४२ टक्के तुम्ही आजच वापरली आहे. नव्या लॅपटॉपचे ७२ हजार त्यात गेले की वापर ७८ टक्क्यांवर जाईल, आणि एवढा वापर गुणांक खाली ओढतो, हप्ते कितीही वेळेवर गेले तरी.

आता एफडीकडे वळू. दीड लाखावर तुम्हाला पावणेसात टक्क्यांनी वर्षाला दहा हजारांच्या आसपास व्याज मिळते. कार्डाच्या ८४ हजारांवर तुम्ही वर्षाला सुमारे ४१ हजार देता. एफडीतून ८४ हजार काढून कार्ड आज शून्यावर आणले, तर एफडीचे बुडालेले व्याज आणि मुदतीआधी मोडण्याचा दंड मिळून फार तर सात-साडेसात हजारांचे नुकसान होईल, आणि वर्षाला ३३ हजारांहून अधिक तुमच्या खिशात राहतील. इतका खात्रीचा परतावा देणारी कोणतीही गुंतवणूक मला ठाऊक नाही.

बाबांच्या आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावताना मन कचरते, हे मी समजू शकते. पण तो पैसा आज बाबांसाठी पूर्ण उभा नाही. एका खिशात दीड लाख आणि दुसऱ्या खिशातले ८४ हजारांचे कर्ज एकत्र पाहिले, तर तुमच्याकडे बाबांसाठी खरे ६६ हजारच आहेत, आणि त्यातूनही दर महिन्याला साडेतीन हजार गळत आहेत. कर्ज फेडल्यानंतरही तेच ६६ हजार राहतील, फक्त गळती थांबेल. एफडीवर कर्ज काढण्याचा मार्गही आहे. त्याला एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागते आणि ते ४२ टक्क्यांपुढे नगण्य आहे. एफडीची मुदत दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर तोच मार्ग घ्या. एरवी, दीड वर्ष बाकी ओढलेल्या माणसाला मी दुसरे कर्ज सुचवणार नाही, सरळ एफडी मोडायला सांगेन. काही बँका एफडीतून हवी तेवढीच रक्कम काढू देतात, ते आधी विचारा.

नव्या लॅपटॉपच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांविषयी मला कडक शब्दांत लिहावे लागेल, कारण हे नाव ग्राहकाची दिशाभूल करते. बिनव्याजी कर्ज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. प्रत्यक्षात बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो. ७२ हजारांवर वर्षभराचे व्याज सहा हजारांच्या आसपास धरले, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे अकराशे रुपये, तुमच्या माथी येतो, आणि प्रक्रिया शुल्काचे साडेतीनशे वेगळे. रोख घेणाऱ्याला मिळणारी दोन-तीन हजारांची सूट गेली ती गेलीच. संरक्षण प्लॅन धरून हा लॅपटॉप तुम्हाला ८२-८३ हजारांना पडेल. त्या प्लॅनमध्ये बॅटरीसुद्धा येते असे विक्रेत्याने तोंडी सांगितले असेल, तर त्याच्याकडे अटींचा छापील कागद मागा. अशा योजनांत बॅटरीसारखे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात.

करबचतीची आशाही सोडून द्या. तुमचे वार्षिक उत्पन्न साडेपाच लाखांच्या घरात आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. जो कर भरायचाच नाही, तो लॅपटॉप घेऊन वाचणार कसा?

राहिला विजेचा प्रश्न. तुमची अपेक्षा इथेही प्रमाणाबाहेर आहे, मात्र ती निराधार नाही. घरच्या विजेचा हिशेब एका ओळीत संपतो: एक वॉट वाचला, रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे जेमतेम अडीच युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला २५ रुपये वाचतात. बॅटरीच्या बाबतीत मात्र तोच एक वॉट मोजण्यासारखा आहे. तुम्ही पाठवलेल्या बॅटरी-अहवालात मूळ क्षमता ४२ वॉट-तास आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता १७ वॉट-तास दिसते. लॅपटॉप सरासरी ९ वॉट खात असेल, तर १७ भागिले ९, म्हणजे पावणेदोन-दोन तास, आणि तुमचा अनुभवही तोच आहे. एक वॉट वाचवला तर दोन तासांच्या वर पाच-सात मिनिटे मिळतील. नव्या बॅटरीने, ४२ भागिले ८, पाच तास मिळतील. झिजलेल्या बॅटरीची भरपाई कोणतीही एसएसडी करू शकत नाही. ४,५०० रुपये वाचवण्यासाठी तुम्ही जो भाग वगळत होता, तुमची खरी अडचण त्याच भागात आहे.

तो एक वॉट वाचेल कुठून, हेही पाहू. तुमची जुनी १२८ जीबीची एसएसडी वीज फारशी खात नाही. खाते ती शेजारची फिरती हार्डडिस्क, जी नुसती फिरत असतानाही अर्धा ते एक वॉट घेते आणि काम करताना दीड-दोन वॉटपर्यंत जाते. म्हणून सगळा डेटा नव्या ५०० जीबीवर घ्या आणि हार्डडिस्क लॅपटॉपमधून बाहेर काढा. पाचशे-सहाशे रुपयांच्या यूएसबी डबीत ती घातली की व्यापाऱ्यांच्या हिशेबांच्या बॅकअपची सोय होईल.

नवी एसएसडी निवडताना वेगाच्या आकड्याला भुलू नका. साटा हा एसएसडीचा जुना, संथ प्रकार सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास जातो, तर तुमच्या पिढीच्या लॅपटॉपातली एनव्हीएमई ३,५०० पर्यंत. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या छोट्या छोट्या फायलींत एवढा फरक जाणवत नाही. त्याहून नव्या पिढीची, ७,००० वेगाची एसएसडी तुमच्या खाचेत बसली तरी जुन्याच वेगाने चालेल, आणि तिच्यासाठी दिलेले जादा पैसे वाया जातील. कामात असताना एनव्हीएमई एसएसडी चार-सहा वॉट ओढते. रिकामी असताना ती मिलिवॉटवर यायला हवी, पण काही जुन्या लॅपटॉपांत ती नीट झोपतच नाही आणि बॅटरी खात राहते. त्यामुळे निष्क्रिय अवस्थेतला वीजवापर कमी असलेले मॉडेल घ्या, दुकानदाराकडून बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचे 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बॅटरीसाठी कमाल बचतीवर ठेवा. पैसे देण्याआधी लॅपटॉप उघडून खाच एनव्हीएमई घेते की फक्त साटा, हे त्याच्याकडून पाहून घ्या. २०१८ च्या काही लॅपटॉपांत दोन्हींपैकी एकच प्रकार चालतो.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पंख्यातली धूळ साफ करून घेतलेला लॅपटॉप आणि न घेतलेला लॅपटॉप यांत फरक पडतोच. माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी अशाच एका मे महिन्यात फुगली होती, आणि मला ते कळले टचपॅडची एक कडा वर आल्यावर, क्लिक बसेनासे झाल्यावर. तुमच्या लॅपटॉपचे झाकण नीट मिटत नसेल किंवा टचपॅड उचलले गेले असेल, तर बॅटरी बदलण्याचे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

हा लॅपटॉप अजून टिकण्यासारखा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटीत बसतो. लोकांचे आर्थिक तपशील तुमच्या हाती असतात, त्यामुळे नव्या एसएसडीवर विंडोज ११ च घ्या.

पैशाचा क्रम असा ठेवा. याच आठवड्यात एफडीतून कार्डाची संपूर्ण बाकी भरा, पेट्रोल यूपीआयने भरायला लागा आणि कार्ड कपाटात ठेवा. पुढच्या बिलात बिलाच्या तारखेपासून भरणा होईपर्यंतचे थोडे व्याज येईल, तेही पूर्ण भरा, नाहीतर चक्र पुन्हा सुरू होईल. किमान देयाचे ४,२०० आणि लॅपटॉपच्या हप्त्यासाठी तुम्ही तयार ठेवलेले ६,००० मिळून १०,२०० होतात. पेट्रोलचे दोन हजार वजा करून ८,२०० उरतात. त्यातून पहिल्या दीड महिन्यात एसएसडी आणि बॅटरीचे १२ हजार निघतील, आणि नंतर हीच रक्कम आवर्ती ठेवीत टाकली, तर वर्षभरात बाबांसाठीचे ८४ हजार जागेवर येतील.

एफडी मोडायला गेल्यावर उरलेल्या ६६ हजारांसाठी एखादी 'हमखास परताव्याची' विमा पॉलिसी तुमच्यापुढे ठेवली जाण्याची शक्यता मोठी आहे. हे पैसे बाबांच्या इस्पितळासाठी आहेत आणि मागाल त्या दिवशी ते हाती पडले पाहिजेत. त्या दिवशी बँकेत एफडीच्या अर्जाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नका.