घणसोलीत पीजीत राहतो, गॅस नाही, फक्त इलेक्ट्रिक केटल आहे. इन्स्टंट कॉफी पाणचट होते. चांगली कशी करावी?

पाणचट होते कारण तुम्ही बहुतेक मग भरून पाणी ओतताय. पीजीतले मग तीनशे मिलीचे असतात, एक चमचा कॉफीला दीडशे मिली पुरे.

मगात एक छोटा चमचा कॉफी, दीड चमचा साखर आणि जेमतेम चमचाभर पाणी घ्या. आता चमच्याने घोटा. दोन-तीन मिनिटं हात दुखेपर्यंत. काळपट चिखल हळूहळू बदामी होतो, फुलतो, चमच्यावरून सावकाश ओघळतो. तिथे थांबा. साखर वगळू नका, फेस तिच्यामुळे जास्त टिकतो.

दूध केटलमध्ये अजिबात तापवू नका. तळाला करपतं, उतू जातं, आणि मग आठवडाभर पाण्याला वास. त्यापेक्षा दोन-तीन चमचे दूध पावडर थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, घोटलेल्या कॉफीवर घाला. केटल बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबून वरून गरम पाणी ओता.

कडक चव हवी तर नेसकॅफे क्लासिक, ती निव्वळ कॉफी. ब्रू इन्स्टंट किंवा सनराइजमध्ये चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) असते, त्यामुळे रंग गडद आणि चव जरा गोडसर, दुधाला छान लागते. मला ब्रूच आवडते, शुद्धतावाल्यांनी माफ करावं.

आणि बाटली न घेता छोटे सॅशे घ्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघडी बाटली चार दिवसांत दगड होते, ओला चमचा घातलात तर त्याआधीच.