वाचकांचे प्रश्न: सरावाविना खेळणारा पॉल मॅकग्रा

प्रश्न: आमच्या शाळेच्या फुटबॉल संघात एक मुलगा आहे. बचावात चांगला, पण सरावाला सारख्या दांड्या. रागावलो तर म्हणतो, "सर, आयर्लंडचा पॉल मॅकग्रा सराव न करताच वर्ल्ड कप खेळला." हे खरं आहे का?
– एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर

सर, तुमचा विद्यार्थी सांगतो त्यातलं अर्धं खरं आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबकडून खेळताना मॅकग्रा संघाबरोबर जवळपास सराव करतच नसे. पण ती दांडी नव्हती. त्याच्या गुडघ्यांवर कारकिर्दीत आठ शस्त्रक्रिया झाल्या. आठवडाभर धावला असता तर शनिवारच्या सामन्यात उभं राहणंही कठीण झालं असतं. म्हणून व्हिलाचे फिजिओ जिम वॉकर यांनी त्याच्यापुरती वेगळी व्यवस्था लावली. बाकीचे मैदानावर घाम गाळत असताना मॅकग्रा आत व्यायामाच्या सायकलवर असायचा, गुडघ्यांवर भार न देता. उरलेली ताकद सामन्यासाठी.

त्याआधी 1989 मध्ये त्याच्या तेव्हाच्या क्लबने, मँचेस्टर युनायटेडने, त्याच्यापुढे एक लाख पौंड घेऊन निवृत्त होण्याचा प्रस्ताव ठेवला होता. वय 29. त्याने नकार दिला. व्हिलाचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी त्याला सुमारे चार लाख पौंडांना घेतलं, आणि तो तिथे सात वर्षं टिकला. एका खेळाडूसाठी क्लबने नियम वाकवले, तेही मोडक्या गुडघ्यांच्या खेळाडूसाठी, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

त्या वर्षांत मी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅममध्ये होतो आणि व्हिला पार्कच्या, म्हणजे क्लबच्या मैदानाच्या, होल्ट एंड या प्रेक्षक-भागात उभा राहून त्याला खेळताना पाहिलंय. तो धावताना फारसा दिसतच नसे. समोरचा विंगर चेंडू घेऊन सुटला की आजूबाजूचे लोक ओरडायला लागत, आणि मॅकग्रा मात्र दोन पावलं मागे, एक पाऊल डावीकडे सरकायचा. क्रॉस यायचा तो नेमका त्याच्याच डोक्यावर. मग पायाच्या बाहेरच्या कडेने, अगदी सहज, चेंडू बाहेर. चेंडू कुठे पडणार हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळतं, असंच वाटायचं. ही समज गुडघे धड असताना हजारो वेळा धावूनच आलेली असते. सर, हे त्या मुलाला नक्की सांगा.

त्याला 18 जून 1994 चा सामना दाखवा. न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम, आयर्लंड विरुद्ध इटली. अकराव्या मिनिटाला रे हाउटनने गोल केला आणि उरलेला सामना आयर्लंडने तो एक गोल राखला. मॅकग्रा 34 वर्षांचा, गुडघे तसेच, त्यात डावा खांदा इतका दुखावलेला की हात धड वर जात नव्हता. समोर इटलीचा आघाडीचा खेळाडू रॉबेर्तो बाज्जिओ. इटलीचे हल्ले एकामागून एक येत होते आणि हा कधी डोकं घालत होता, कधी घसरून पाय. एक फटका तर त्याने तोंडावर झेलला, आणि उठून पुन्हा जागेवर. निकाल 1-0. मुलाला सांगा, चेंडूकडे नको, चेंडू दूर असताना मॅकग्रा कुठे उभा आहे ते बघ.

आणखी एक गोष्ट लपवू नका. तो दारूच्या आहारी गेला होता, त्यापायी सामन्यांना मुकला, संसार विस्कटला, जिवावरही बेतलं. 2006 च्या आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच मोकळेपणाने लिहिलंय. त्याच्या खेळाचं कौतुक करताना ते वगळणं मला पटत नाही.

प्रश्न: मॅकग्राचा जन्म लंडनचा, मग तो आयर्लंडकडून कसा खेळला?
– एक वाचक, पुणे

जन्म 4 डिसेंबर 1959, लंडनच्या ईलिंगमध्ये. आई आयरिश, वडील नायजेरियाचे, लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या आयर्लंडमध्ये अशा बाईला घरीदारी तोंड दाखवणं अवघड, म्हणून ती बाळंतपणासाठी लंडनला गेली होती. बाळ काही आठवड्यांचं असतानाच दुसऱ्यांच्या हाती सोपवलं गेलं, आणि त्याचं बरंचसं बालपण डब्लिन परिसरातल्या अनाथाश्रमांत गेलं. काळा म्हणून टोमणे ऐकतच तो वाढला. पत्र्याच्या कामाची उमेदवारी केली, सुरक्षारक्षकाची नोकरी केली. डब्लिनच्या इंचिकोर भागातल्या सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक क्लबकडून खेळला, तेव्हा लोक त्याला 'इंचिकोरचा काळा मोती' म्हणू लागले. तिथून 1982 मध्ये युनायटेडने नेलं. त्यामुळे तो आयर्लंडकडून 'कसा' खेळला याचं उत्तर सोपं आहे, त्याला दुसरा देश माहीतच नव्हता. 83 सामने खेळला, पहिला 1985 मध्ये डब्लिनमध्ये, तोही इटलीविरुद्धच.

1990 च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत रोममध्ये इटलीकडून हरलं. दुसऱ्या दिवशी, 1 जुलैला, संघ डब्लिनला परतला, आणि नेमके त्याच दिवशी नेल्सन मंडेलाही तिथे आले होते. मंडेलांना पाहून गर्दीने 'ऊ आ, पॉल मॅकग्राज् दा', म्हणजे हे आपल्या पॉलचे वडील, असा घोष केला, असं तिथे आजही आनंदाने सांगतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते.

प्रश्न: त्याने कोणकोणती विजेतेपदं मिळवली?
– एक वाचक, नाशिक

युनायटेडबरोबर 1985 चा एफए कप, व्हिलाबरोबर 1994 आणि 1996 चा लीग कप. इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद कधीच नाही. प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात, 1992-93 मध्ये, व्हिला दुसरी आली आणि युनायटेड पहिली. पण त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी मतं दिली ती मॅकग्राला.