वाढत्या अंगाचं दप्तर नको

जून लागला की आमच्या फिजिओथेरपीच्या सदरात गुडघे मागे पडतात आणि दप्तरं पुढे येतात. यंदा आलेल्यांपैकी हे काही प्रश्न.

माझी मुलगी तिसरीत आहे. तिचं वजन २३ किलो. परवा दप्तर काट्यावर ठेवलं तर ४ किलो २०० ग्रॅम भरलं. शाळेत जाऊन बोलू का?
– एक वडील, डोंबिवली

बोला, पण आधी घरी एक काम करा. वजन जास्त आहे यात वाद नाही. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असा राज्य सरकारचा शासन निर्णय जुलै २०१५ मध्येच निघाला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हाच हिशेब आहे. तिसरी ते पाचवीसाठी त्यात १.७ ते २.५ किलो दिले आहेत. म्हणजे तुमच्या लेकीला फार तर २ किलो ३०० ग्रॅम.

आता ते दप्तर चटईवर पूर्ण उपडं करा आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मुलीलाच वजनं लिहू द्या. मी हे अनेक घरांत करायला लावलंय. दर वेळी मागच्या आठवड्याची चित्रकलेची वही निघते, शंभर पानी पुरली असती तिथे दोनशे पानी निघते, खोडरबरांचं एक छोटं संग्रहालय निघतं. आणि मग पाणी! एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो, स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळंच. शाळेतलं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची बाटली द्या आणि तिथे भरून घ्यायला सांगा. चांगलं नसेल तर शाळेत पहिली तक्रार पाण्याची करा, दप्तराची नंतर.

एवढं करूनही काटा तीन किलोच्या खाली येत नसेल, तर मात्र दोष वेळापत्रकाचा. चार-पाच पालक मिळून जा आणि त्या वजनांचा कागद सोबत न्या. ‘दप्तर फार जड आहे हो’ या वाक्याला ‘बघू’ असं उत्तर मिळतं, आकड्यांना मिळत नाही. मागणी साधी ठेवा: रोजचे विषय कमी, बाकावरच्या दोघींत एक पुस्तक, जाड वह्या वर्गातल्या कपाटात. पुस्तकातच वह्या घालण्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेलाय. बालभारतीने २०२३-२४ पासून पुस्तकांचे चार भाग करून धड्यांमागे कोरी पानं जोडली होती. वेगळ्या वह्या बऱ्याच ठिकाणी चालूच राहिल्या आणि २०२५-२६ पासून ती पानं काढून टाकली. त्यामुळे वरून काही येईल याची वाट बघू नका.

दप्तर महाग झालंय. दुसरीतल्या मुलाला जरा मोठं घेतलं तर पाचवीपर्यंत चालेल ना?
– एक आई, नाशिक

दप्तर चालेल, पाठ चालणार नाही. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवा, दप्तर आजच्या पाठीचं घ्या. मोठं दप्तर खांद्यावरून खाली लोंबतं आणि मागे ओढतं. मग मूल तोल सावरायला पुढे वाकतं, मान बाहेर काढतं. शिवाय मोठी जागा रिकामी राहत नाही, ती भरतेच.

दुकानात मुलाला सोबत न्या. दप्तरात दोन-तीन पुस्तकं घालून पाठीवर अडकवा आणि बाजूने बघा. वरची कड खांद्याच्या वर जायला नको, तळ कमरेपाशी यावा; कुल्ल्यांवर आपटत असेल तर ते परत द्या. पट्टे रुंद आणि गादीचे हवेत, पाठीकडच्या बाजूलाही गादी हवी, नाहीतर डब्याचा कोपरा टोचत राहतो. छातीवरचा छोटा पट्टा असेल तर उत्तम, उतरत्या खांद्यांच्या मुलांचे पट्टे त्याने घसरत नाहीत. रिकामं दप्तर उचलूनही बघा. पुढे कार्टूनचा जाड उठावदार चेहरा बसवलेली दप्तरं मुलांना आवडतात खरी, पण रिकामीच जड असतात.

भरताना जड पुस्तकं पाठीला चिकटून, डबा-कंपास पुढच्या कप्प्यात. पट्टे रोज सकाळी ओढून सारखे करा. खरं सांगायचं तर बहुतेक मुलांचे पट्टे खरेदीच्या दिवशी जिथे असतात तिथेच वर्षभर राहतात.

नातू आठवीत आहे. दप्तर एकाच खांद्यावर टाकतो. सांगितलं तर ऐकत नाही. त्याचा कणा वाकडा होईल का?
– एक आजोबा, सांगली

आजोबा, ही भीती काढून टाका. वाढत्या वयात कणा बाजूला वळतो, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात आणि तो दप्तराने होत नाही. दप्तराने पाठदुखी होतेच असंही संशोधन ठामपणे म्हणत नाही. पण एका खांद्यावर भार आला की तो खांदा उचलून धरावा लागतो, मान आखडते, पट्टा रुतला तर हाताला मुंग्या येतात. हे टाळायला दोन पट्टे पुरतात. कण्याची धमकी देऊ नका, या वयात ती उलटी लागते. क्रिकेट खेळत असेल तर आखडलेल्या खांद्याने चेंडू कसा फेकणार, एवढंच विचारा.

त्याला एकदा उघड्या पाठीने पुढे वाकायला सांगा. एका बाजूची फासळी वर आलेली दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. दप्तर उतरवल्यावरही दुखणं थांबत नसेल, रात्री पाठ दुखून जाग येत असेल, सोबत ताप असेल किंवा पायात बधिरपणा असेल, तर तेव्हाही थांबू नका.

चाकांचं दप्तर घ्यावं का?
– एक आई, कोल्हापूर

वर्ग तळमजल्यावर आणि रस्ता सपाट असेल तर विचार करा. जिन्यावर ते उचलावंच लागतं आणि सांगाड्यामुळे साध्या दप्तरापेक्षा जड भरतं. गर्दीत मागच्या मुलाच्या पायात येतं ते वेगळं. पावसाळ्यातल्या चिखलाबद्दल कोल्हापूरकरांना मी काय सांगू?

मी मुलीला स्कूटरवरून सोडतो. ती मागे बसते, दप्तर पाठीवर. रेनकोट आत घालावा की वरून?
– एक वडील, पुणे

रेनकोट दप्तरासकट वरून घालायचा मिळतो, पायी जाणाऱ्यांना तो छान. तुमच्या बाबतीत दप्तर तिच्या पाठीवर नकोच. सिग्नल सुटल्यावर गाडी झटक्यात निघते तेव्हा तीन किलोचं ओझं मुलीला मागे ओढतं, आणि तिच्या मागे धरायला काही नसतं. दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढे तुमच्या पायांपाशी ठेवा, हँडल वळताना अडकणार नाही एवढं बघा. तिचे दोन्ही हात तुमच्या कमरेला, आणि डोक्यावर तिच्या मापाचं हेल्मेट.