पिल्लू नको, आधी पाहुणा कुत्रा बोलवा

वाचकांचे प्रश्न
या वेळचा विषय: आजारी आणि विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांसाठी सोबतीचा कुत्रा. उत्तरं एका पशुवैद्यकाने आणि एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं, हालचाली यांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाने) मिळून दिली आहेत.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही, पण कुत्रा दिसला की थांबून बघत राहतो. शेजारी लॅब्राडोरचं दोन महिन्यांचं पिल्लू द्यायला तयार आहेत. घेऊ का? – एक आई, डिचोली

पिल्लू घेऊ नका. मुलाची ओढ खरी आहे, म्हणूनच तिची सुरुवात चाव्यांनी व्हायला नको. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. ते चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात आणि तोवर हलणारी प्रत्येक वस्तू पिल्लू तोंडात धरतं. त्यात मुलाची बोटंही आली. शिवाय ते अंगावर उड्या मारतं, रात्री केकाटतं, घरभर घाण करतं. ज्या मुलाला अचानक आवाज आणि न सांगता झालेला स्पर्श सोसत नाही, त्याला हे सगळं एकदम झेपत नाही. दोनदा नखं लागली तरी मूल कायमचं लांब पळू शकतं.

ओळखीच्या घरातला, दोन वर्षांहून मोठा, शांत कुत्रा शोधा. जातीपेक्षा स्वभाव बघा. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर माणसाळू असतात हे खरं, पण आपल्या गावठी कुत्र्यांतही फार शांत जीव सापडतात, आणि त्यांना इथला उकाडा सोसतो. हस्कीसारखा दाट केसांचा कुत्रा गोव्यात आणूच नका.

भेटीआधी चार-पाच दिवस मुलाला त्याच कुत्र्याचे फोटो क्रमाने दाखवा: कुत्रा आला, कुत्रा बसला, कुत्रा घरी गेला. शेवटचा फोटो गाळू नका, भेट संपते हेही मुलाला आधी कळायला हवं. पहिली भेट पाच मिनिटांची, शांत अंगणात. कुत्रा दीड मीटरच्या पट्ट्यावर, आडवा बसलेला, तोंड मुलाकडे नाही. मूल तीन मीटरवर. ‘हात लाव, काही करत नाही’ असं कुणीही म्हणायचं नाही. मूल आपणहून जवळ आलं तर पाठीवर, केसांच्या दिशेने, दोन बोटांनी. डोक्यावरून हात नको. प्रत्येक भेट दोन-तीन मिनिटांनी वाढवा. अशा आठ-दहा भेटींनंतरच घरी कुत्रा आणायचा का ते ठरवा.

एक गोष्ट हमखास होते: मूल केसांची मूठ घट्ट आवळतं. त्याचा हात मागे ओढू नका, ओढला की कुत्र्याची कातडी ताणली जाते. मुठीवर आपला हात ठेवून ती कुत्र्याच्या अंगालाच टेकवून धरा, म्हणजे ताण सुटतो. मग करंगळीपासून एकेक बोट सोडवा. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात कुत्र्याशी हळू बोलत राहावं.

या सगळ्यात नजर मुलाइतकीच कुत्र्यावर हवी. झोप आलेली नसताना जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही ‘मला पुरे’ अशी विनंती असते. अंग ताठ करून एकदम थिजला तर त्याच क्षणी दोघांना वेगळं करा. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही ओरडू नका. ओरडलं की तो पुढच्या वेळी ती सूचना गाळतो आणि थेट चावतो. गळ्यात मिठी मारू देऊ नका. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, आणि लहान मुलांना चावे चेहऱ्यावर बसतात ते यामुळे.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) उपचार बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) चालू आहेत. घरात चार वर्षांपासून कुत्री आहे. नातेवाईक म्हणतात, तिला कुणाला तरी देऊन टाका. – एक वडील, फोंडा

देऊन टाकू नका. पण घरात कुत्री आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा आणि त्यांचा शब्द शेवटचा माना. रक्ताच्या अहवालातला न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा विचारत जा. तो ५०० च्या खाली असेल ते दिवस कुत्री मुलीपासून दूर ठेवायची. दूर म्हणजे मुलीच्या आयुष्यातून बाहेर नव्हे. खिडकीच्या गजांआडून मुलीने हाक मारावी आणि कुत्रीने अंगणातून शेपूट हलवावी, एवढंही त्या दिवसांत पुष्कळ असतं.

आकडा बरा असतानाही काही बंधनं पाळायचीच. कुत्रीला कच्चं मांस, कच्ची हाडं, कच्चं अंडं बंद, कारण त्यातून साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू येतो. तिला जुलाब असतील तर जुलाब थांबून पशुवैद्यकाने तपासेपर्यंत मुलीजवळ नाही. चेहरा, जखम, सलाईनची सुई किंवा पोर्टची (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या नळीची) जागा तिने चाटायची नाही. मुलीच्या अंथरुणात झोपायचं नाही. हात लावल्यावर २० सेकंद साबणाने हात धुवायचे. हात मळलेले असतील तर सॅनिटायझर पुरत नाही. विष्ठा उचलणं हे मोठ्यांचं काम. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, नखं बोथट कापलेली, आणि वर्षाच्या लसींत रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही आहे ना ते पुस्तकात बघा. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यांतून हा रोग कुत्र्यांना आणि माणसांना दोघांनाही होतो, म्हणून जून ते सप्टेंबर तिला साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका. गोचिडी रोज बघा: कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात. मुलीने त्या काढायच्या नाहीत.

दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. केमोचं औषध साधारण ४८ तास मुलीच्या लघवीतून आणि उलटीतून बाहेर पडतं, आणि ते कुत्रीला विषारी आहे. उलटीचं भांडं लगेच झाका, तिला चाटू देऊ नका.

चावली किंवा ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं साबणाने धुवा आणि लगेच रुग्णालयात जा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला बारीक ओरखड्यालाही रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, तेव्हा केमो चालू आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा. ‘घरचीच आहे, लस दिलीय’ म्हणून थांबू नका. आणि आता उपचार संपेपर्यंत नवं पिल्लू कुणी भेट दिलं तरी घेऊ नका.

ऑनलाइन पैसे भरून ‘इमोशनल सपोर्ट डॉग’चं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की आमची सोसायटी कुत्रा ठेवू देईल ना? – म्हापसा

पैसे वाया घालवू नका. भारतात अशी सरकारी नोंदणीच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मुलाला हक्क देतो, कुत्र्याला दर्जा देत नाही. तुम्हाला त्या कागदाची गरजही नाही: भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. लसीकरणाचं पुस्तक, पट्टा आणि विष्ठा उचलायची पिशवी, एवढं चोख ठेवा.

आमच्या विशेष मुलांच्या शाळेत महिन्यातून दोनदा थेरपी डॉग (उपचारात मदतीसाठी तयार केलेला कुत्रा) आणायचा विचार आहे. तयारी काय करावी? – एक शिक्षिका, पेडणे

आधी प्रत्येक मुलासाठी उद्देश लिहा. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली आपल्या जिंगल्स या कुत्र्याबद्दल लिहिताना त्याला ‘सह-थेरपिस्ट’ म्हटलं होतं. त्यातला ‘सह’ विसरला की वीस मुलं रांगेने कुत्र्याला थोपटतात, फोटो निघतात आणि कुणाच्याच पदरी काही पडत नाही. हाताची पकड कमजोर असलेल्या मुलाने जाड मुठीच्या ब्रशने पाठीवर दहा वेळा विंचरणं, बोलायला कचरणाऱ्याने ‘बस’ म्हणणं आणि कुत्रा खरोखर बसलेला पाहणं, असे उद्देश हवेत. त्या मुलाचा चेहरा नीट बघा. त्याच्या शब्दाने कुणीतरी काही केलं, हे त्याला क्वचितच अनुभवायला मिळतं.

एका वेळी तीन-चार मुलं, कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणारा हँडलर, आणि त्याची नजर फक्त कुत्र्यावर. मुलांकडे शिक्षिकांनी बघायचं. वेळ सकाळी, उकाडा चढण्याआधी. वीस ते तीस मिनिटं, मग विश्रांती. दिवसाला एकूण एक तासापेक्षा जास्त नाही. लादीवर कुत्र्याचे पाय घसरतात आणि तो अस्वस्थ होतो, म्हणून न सरकणारी चटई घाला. पंखा आणि पाण्याचं भांडं हवं, आणि कुत्र्यामागे मोकळं दार, म्हणजे त्याला निघता येईल. जीभ रुंद होऊन लाळ गळू लागली की भेट तिथेच थांबवा. आदल्या २४ तासांत त्याला आंघोळ घातलेली असावी. पालकांची लेखी संमती घ्या, त्यात दमा आणि ॲलर्जी स्वतंत्रपणे विचारा. ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून जे विकलं जातं ते खरं नाही.

मुलाला अपस्मार आहे. झटका येण्याआधी कुत्रा सांगतो म्हणतात, तसा शिकवून मिळेल का? – काणकोण

काही कुत्रे आपणहून आधी अस्वस्थ होतात, पण ते खात्रीने शिकवता येत नाही. झटका आल्यावर भुंकून घरच्यांना बोलावणं मात्र शिकवता येतं. गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

नरकासुराच्या रात्री (दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळतात त्या फटाक्यांच्या रात्री) आमची मुलगी आणि कुत्रा दोघंही थरथरतात. मुलगी त्याला घट्ट मिठी मारून बसते. चालेल का? – साखळी

नाही. घाबरलेल्या कुत्र्याला मिठीतून सुटता आलं नाही तर तो आपल्या माणसालाही चावतो. दोघांना शेजारच्या दोन खोल्यांत ठेवा, प्रत्येकाजवळ एक मोठं माणूस. घराच्या आतल्या बाजूची खोली, खिडक्या बंद, पंखा जोरात, मुलीला कान झाकणारे हेडफोन. कुत्र्याला सूर्यास्ताआधी फिरवून आणा, गळपट्ट्यावर फोन नंबर असू द्या. भीतीवरचं औषध हवं असेल तर पशुवैद्यकाकडे दोन-तीन आठवडे आधी जा आणि एखाद्या साध्या दिवशी एक मात्रा देऊन बघा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. पहाटे नरकासुर जळून सगळं शांत झालं तरी लगेच दार उघडू नका. आधी अंगणातले फुटलेले आणि न फुटलेले फटाके झाडून घ्या, मग पट्टा लावूनच त्याला बाहेर काढा.