वाचकांचे प्रश्न: सीमेपलीकडे डेटा जातो कसा, पैसे अडकतात कुठे

शेजारी देशांमधल्या डिजिटल जोडण्या, म्हणजे केबल, पेमेंट, रोमिंग आणि सीमाशुल्काची कागदपत्रं, यांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पैशांबद्दलची दोन पत्रं जवळपास सारखी होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या देशातून शेजारच्या देशापर्यंत थेट फायबर गेलेली आहे. तरी तिथली वेबसाइट उघडायला फार वेळ लागतो. डेटा म्हणे दुसऱ्या खंडातून फिरून येतो. हे खरं आहे का, आणि कसं तपासायचं?

खरं असू शकतं, आणि असं सर्रास होतं. फायबर पुरलेली असणं वेगळं आणि तिच्यावरून डेटा नेण्याचा करार असणं वेगळं. इंटरनेटवरचा डेटा नकाशा पाहून वाट धरत नाही. कोणत्या नेटवर्कचा कोणाशी करार आहे, यावर त्याची वाट ठरते. तुमच्या सेवादाराने आणि पलीकडच्या सेवादाराने लंडन किंवा सिंगापूरसारख्या दूरच्या केंद्रात घाऊक बँडविड्थ (डेटा नेण्याची क्षमता) विकत घेतली असेल आणि आपसांत काहीच ठरवलं नसेल, तर दोघांची गाठ तिथेच पडते.

हिशेब सोपा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद. दोन शहरांमध्ये ८०० किलोमीटरची थेट केबल असेल तर ८ मिलिसेकंदांत काम होतं. तोच डेटा ७,००० किलोमीटरवरच्या केंद्रात गेला आणि तिथून तेवढंच अंतर कापून शेजारी पोहोचला, तर जाण्यायेण्याचे १४० मिलिसेकंद होतात. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो.

तपासायला संगणकावर ट्रेसराउट ही डेटाच्या वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा चालवा (विंडोजमध्ये हीच आज्ञा ‘ट्रेसर्ट’ नावाने आहे). प्रत्येक टप्प्यापुढे लागलेला वेळ दिसतो. राउटरच्या (वाटेत डेटा पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) नावात पुष्कळदा विमानतळाची तीन अक्षरं दडलेली असतात: एलएचआर दिसलं तर लंडन, एफआरए तर फ्रँकफर्ट, एसआयएन तर सिंगापूर. इथे फसगत मात्र सहज होते. मधल्या एकाच टप्प्यावर आकडा १५० झाला आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा १० वर आला, तर त्याचा अर्थ वळसा पडला असा नाही. त्या राउटरने चाचणीच्या संदेशाला सवडीने उत्तर दिलं, एवढंच. आकडा चढून शेवटपर्यंत चढलेलाच राहिला तर संशय घ्या. आयपी पत्त्यावरून देश सांगणाऱ्या साइट्सवर विसंबू नका, राउटरच्या बाबतीत त्या वारंवार चुकतात. परतीची वाट वेगळी असू शकते, म्हणून पलीकडच्या कोणाला तरी उलट दिशेने चाचणी घ्यायला सांगा.

यावरचा उपाय म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज, जिथे स्थानिक नेटवर्क एकमेकांना थेट जोडली जातात. त्याला फार यंत्रं लागत नाहीत. नेटवर्क एकमेकांना जोडणारा चांगला स्विच, कोणत्या नेटवर्कपर्यंत वाट कुठून जाते हे सगळ्यांना कळवणारे दोन राउट सर्व्हर (एक बंद पडला तर दुसरा हवा) आणि भरवशाची वीज; सगळं एका कपाटात मावतं. अडतं ते जागेवरून. एक्स्चेंज सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपनीच्या इमारतीत थाटलं की प्रतिस्पर्धी तिथवर केबल आणायला कचरतात, आणि आणलीच तर भाडं कंपनी सांगेल ते. सीमेपार डेटा नेण्याचा परवाना एकदोन कंपन्यांकडेच असेल, तर दोन्ही देशांतली एक्स्चेंज शेजारी असूनही अनोळखीच राहतात.

वरून निर्णय झाला तर गोष्टी हलतात. मार्च २०१६ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला उतरणाऱ्या समुद्री केबलवरून आखाउडामार्गे आगरतळ्याला सेकंदाला १० गिगाबिट बँडविड्थ मिळू लागली. मुंबई आणि चेन्नईनंतर आगरतळा हे भारताचं तिसरं आंतरराष्ट्रीय इंटरनेट प्रवेशद्वार ठरलं, आणि तेही शेजाऱ्याच्या किनाऱ्यावरून.

प्रश्न: मोबाइलवरून शेजारच्या देशात पैसे पाठवताना कधी क्षणात जातात, कधी ‘प्रलंबित’ दिसत राहतात. दुकानातला क्यूआर कोडही कधी चालतो, कधी नाही. मागे नेमकं काय चालतं?

दोन देशांच्या तत्काळ पेमेंट यंत्रणा थेट जोडण्याचा पहिला प्रयोग एप्रिल २०२१ मध्ये सिंगापूरची पेनाऊ आणि थायलंडची प्रॉम्प्टपे यांच्यात झाला. भारताची यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ रोजी पेनाऊला जोडली गेली. अशा जोडण्यांमध्ये क्रम साधारण असा असतो. तुम्ही पलीकडचा मोबाइल नंबर टाकता आणि तिथली यंत्रणा तो कोणत्या खात्याशी जोडलेला आहे हे शोधून नाव, बहुधा अर्धवट झाकलेलं, परत पाठवते. मग विनिमय दर येतो, जो थोडाच वेळ वैध असतो. दोन्ही बाजूंच्या बँका नावं निर्बंधांच्या यादीशी, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे त्यांच्या यादीशी, ताडून पाहतात. तुमच्या खात्यातून तुमच्या चलनात रक्कम वळती होते, पलीकडे त्यांच्या चलनात जमा होते. सीमा ओलांडतो तो फक्त संदेश. बँकांचा आपसातला हिशेब मागाहून मिटतो.

अडकण्याची कारणं याच क्रमात आहेत. सर्वांत जास्त त्रास नावं देतात. एकच नाव दोन देशांत वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलं जातं, निर्बंध यादीतल्या कोणाशी तरी ते थोडंफार जुळतं आणि व्यवहार माणसाच्या तपासणीसाठी बाजूला पडतो. तो माणूस सोमवारी कामावर येतो. दुसरं कारण आगाऊ ठेवलेली रक्कम. पलीकडे लगेच पैसे जमा करायचे तर मध्यस्थ बँकेने तिथल्या चलनात शिल्लक ठेवावी लागते. सलग सुट्ट्यांत व्यवहार वाढतात, परकीय चलनाचा बाजार बंद असतो, शिल्लक आटते. शनिवार-रविवारी दर थोडा महाग मिळतो तोही यामुळेच: बाजार उघडेल तेव्हा काय भाव असेल, याची जोखीम दर देणारा आधीच कापून घेतो.

तिसरं कारण निस्तरायला सगळ्यांत किचकट. संदेश गेला, पण उत्तर यायच्या आत मुदत संपली. पैसे पोहोचले की नाही, हे पाठवणाऱ्या बँकेला कळत नाही. अशा वेळी तुम्ही पुन्हा पैसे पाठवू नका, नाहीतर दोनदा जातील. बँकेने त्याच संदर्भ क्रमांकाने स्थिती विचारायची असते. नवा क्रमांक काढला की पलीकडची यंत्रणा तो नवा व्यवहार समजते. संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, तक्रार करताना तोच लागतो. आणि पैसे परत आले तर त्या दिवशीच्या दराने येऊ शकतात, त्यामुळे चार पैसे कमी दिसले तर नवल नाही.

क्यूआरचं दुखणं वेगळं. बरेच देश एकाच आंतरराष्ट्रीय साच्यातले कोड वापरतात. त्यात ५३ क्रमांकाच्या रकान्यात चलन असतं (भारतीय रुपया ३५६, सिंगापूर डॉलर ७०२, थाई बात ७६४), ५४ मध्ये रक्कम, ५८ मध्ये देश आणि शेवटी ६३ मध्ये पडताळणीचे अंक. जुन्या छापील स्टिकरवर यातले रकाने चुकलेले किंवा रिकामे असतात. देशातलं ॲप ते खपवून घेतं, परदेशी ॲप नाकारतं. स्टिकर बदलला की काम होतं.

प्रत्येक जोडीने वेगळा करार करायचा म्हटला तर दहा देशांना ४५ जोडण्या लागतात, प्रत्येकीचे नियम निराळे. म्हणून बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या बँकेने नेक्सस प्रकल्प आखला. त्यात प्रत्येक देश एकदाच एका सामायिक केंद्राला जोडला जातो. भारत, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड त्यात आहेत. केंद्राने तांत्रिक जोडण्या कमी होतील. वाद झाला तर भरपाई कोणत्या देशाच्या नियमाने, हा प्रश्न मात्र केंद्र उभारून सुटत नाही; तो करारातच लिहावा लागतो.

प्रश्न: समुद्राखालची केबल तुटली तर जोडायला आठवडे का लागतात? आणि ज्या देशाला समुद्रच नाही, त्याने काय करायचं?

जगभरात वर्षाला १५० ते २०० वेळा केबल बिघडते. बहुतेक वेळा कारण मासेमारीची जाळी किंवा जहाजाचा नांगर. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी जाड असते. दोन्ही टोकांकडून चाचणी करून बिघाडाचं अंतर काढतात, जहाज तिथे जातं, लोखंडी आकडे टाकून केबलची टोकं वर ओढतं, मध्ये नवा तुकडा जोडतं आणि पुन्हा खाली सोडतं. हे काम हवामान बरं असेल तर काही दिवसांचं आहे. वेळ जातो तो जहाज मोकळं होण्यात आणि त्या देशाच्या पाण्यात शिरायची परवानगी मिळण्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तीन केबल तुटल्या, तेव्हा दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडली. शेजारी देशांना इथे खरोखर करण्यासारखं काम आहे: दुरुस्तीच्या जहाजांना आधीच मंजुरी देऊन ठेवायची, एकाच खिडकीतून, ठरलेल्या दिवसांत.

दोन केबल आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. त्या एकाच किनारी केंद्रात उतरत असतील किंवा एकाच खोऱ्यातून जात असतील, तर एका झटक्यात दोन्ही जातात. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ चार केबल एकाच दिवशी तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतले अनेक देश अडचणीत आले. टोंगाकडे तर एकच आंतरराष्ट्रीय केबल होती. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीने ती तोडली, जोडायला सुमारे पाच आठवडे लागले.

भूवेष्टित देशाला दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून वाट हवी. नेपाळचं इंटरनेट आधी भारतातूनच येत असे, जानेवारी २०१८ मध्ये रसुवागढीमार्गे चीनची दुसरी वाट उघडली. करारात बँडविड्थच्या आकड्याइतकीच एक ओळ महत्त्वाची असते: बिघाड झाल्यावर पर्यायी मार्गावर किती मिनिटांत आणि किती क्षमता मिळणार. ती नसेल तर पर्यायी मार्ग कागदावरच राहतो.

प्रश्न: रोमिंग फुकट करायला सरकारं का कचरतात?

कारण ग्राहकाचं बिल कमी केलं तरी कंपन्यांचं आपसातलं घाऊक बिल उरतंच. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून जादा रोमिंग आकार बंद केला, पण घाऊक दरालाही मर्यादा घातली: एका गिगाबाइटला तेव्हा ७.७० युरो, २०२२ मध्ये २ युरो, आणि २०२७ साठी १ युरो. पर्यटक ज्या देशात लोटतात तिथल्या टॉवरवर भार पडतो, म्हणून फक्त किरकोळ दर उतरवला तर वाद होतात. पूर्व आफ्रिकेतल्या काही देशांनीही २०१४ पासून अशीच सवलत सुरू केली. अशा सवलतीत दूरदेशीचे कॉल ‘शेजारचे’ भासवून स्वस्तात घुसवण्याचे प्रकार होतात. त्यासाठी पन्नासेक सिमकार्डं बसवलेली पेटी पुरते.

प्रश्न: कागदविरहित व्यापाराचा करार झाला, तरी सीमेवर छापील प्रतच मागतात. का?

बहुधा तीन ठिकाणी गाडी अडते. पहिली म्हणजे सही. एका देशाचा डिजिटल दाखला दुसऱ्या देशाच्या यंत्रणेला ‘अनोळखी’ दिसतो, कारण तो देणारी संस्था तिच्या विश्वासू यादीत नसते. ती यादी देवाणघेवाणीने अद्ययावत ठेवावी लागते. दुसरी म्हणजे मालाचा कोड. त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. निर्यातदाराने आठ अंकी कोड जसाच्या तसा पाठवला की पलीकडे तो जुळत नाही. सहा अंक पाठवा, पुढचे आयातदाराला भरू द्या. तिसरी म्हणजे रद्द झालेले दाखले. कागदावर ‘रद्द’ शिक्का मारता येतो, इलेक्ट्रॉनिक दाखल्यासाठी रद्द केल्याचा वेगळा संदेश लागतो. जोडणी करताना तो अनेकदा विसरला जातो आणि एकाच मालावर दोनदा सवलत घेतली जाते. त्या भीतीने अधिकारी छापील प्रत मागतो.

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला जानेवारी २०१८ पासून पाच देशांनी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात स्वीकारायला सुरुवात केली. बाकीचे नंतर आले. तुमचा माल अशा मार्गावर असेल तर पाठवण्याआधी दाखल्याचा क्रमांक आयातदाराला कळवा आणि तो त्याच्या देशाच्या यंत्रणेत दिसतो का, हे ट्रक निघण्यापूर्वी पाहायला सांगा. दिसत नसेल तर छापील प्रत सोबत द्या. फक्त दोन्हींवर क्रमांक एकच असू द्या.