पुण्यात जुना, आटोपशीर रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा) फिल्म कॅमेरा घ्यायचाय, कोणता भरवशाचा?

सेलशिवाय चालणारा घ्या. यावर मी ठाम आहे, कारण पन्नास वर्षं जुन्या कॅमेऱ्यातलं सर्किट गेलं की दुरुस्त करणारा मिळत नाही. माझी पसंती कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ (१९७२), त्याहून लहान हवा तर ऑलिंपस ३५ आरसी (१९७०). दोन्हींत सेल संपला तरी शटरचा वेग नि अॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं तोंड) हाताने लावून फोटो काढता येतात. ऑलिंपस एक्सए खरोखर खिशात मावतो, पण सेल नसला की ठप्प. याशिका इलेक्ट्रो ३५ अंगाने मोठा, आणि सेलविना त्याचं शटर फक्त १/५००वर चालतं.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मागचं झाकण उघडा, शटर 'बी'वर (बटण दाबून धराल तोवर उघडं राहतं), अॅपर्चर पूर्ण उघडं, बटण दाबून धरा आणि समोरून मोबाइलचा टॉर्च मारा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तो कॅमेरा सरळ परत ठेवा. चार धुळीचे कण असले तर असू देत, फोटोत दिसत नाहीत. मग सगळ्यात मंद वेग लावा (कॅनोनेटला १/४). शटरची पाती अडखळत मिटली तर त्यांच्यावर तेल उतरलंय किंवा आतलं जुनं वंगण घट्ट झालंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.

कॅनोनेटचं बटण दाबलंच जात नसेल तर विक्रेता 'बंद आहे' म्हणतो. आधी लेन्सवरची अॅपर्चरची रिंग 'ए'वरून (ऑटोवरून) फिरवून दुसरीकडे न्या आणि पुन्हा दाबा. 'ए'वर सेल नसला की शटर आपोआप लॉक होतं. असा 'बंद' कॅमेरा चांगला चालू निघू शकतो.

फोकस अनंतावर ठेवून लांबचा मोबाइल टॉवर बघा. मधल्या ठिपक्यात दोन टॉवर दिसले तर रेंजफाइंडर सरकलाय. जाणकार तो जुळवून देतो. झाकणाच्या खाचेतला, उजेड अडवणारा काळा फोम चिकट झालेला असणारच, तो घरी बदलता येतो.

उजेड मोजणाऱ्या मीटरसाठीचे जुने १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल (१.४ व्होल्ट) रबरी रिंग घालून बसवा. आणि पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या चामडी कव्हरात ठेवू नका, ओल तिथेच धरते. झाकण घट्ट लागणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.